वेदनेला वाली कोण?

मराठ्यांच्या राज्यविस्ताराची उत्तर आणि दक्षिण टोके म्हणून ग्वाल्हेर आणि तंजावर ही नावे एका दमात घेतली जातात. ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी, तर तंजावरला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत गादी चालविली. इतिहासाचा हा धागा कधीच तुटला. प्रशासनाचा एक धागा मात्र आजही या दोन शहरांना जोडतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अफूच्या लागवडीचे परवाने देणाऱ्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकऱ्यांची अफू नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते. तिच्यातून मॉर्फिन निघते. कर्करोगाच्या असह्य वेदनेवरचे हे सर्वांत खात्रीचे आणि स्वस्त औषध कावेरीकाठच्या तंजावर जिल्ह्यातील रुग्णाच्या हाती पडावे, अशी अपेक्षा असते. ते किती रुग्णांच्या हाती पडते, हा या लेखाचा विषय आहे.

कायदेशीर अफूच्या चिकाचे जगातील सर्वांत मोठे उत्पादन भारतात होते आणि येथून ती निर्यातही होते. तरीही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गंभीर आजाराने पीडित असलेल्या भारतीय रुग्णाच्या वाट्याला वर्षाकाठी मॉर्फिन वा तत्सम औषध सरासरी अवघे ४३ मिलिग्रॅम येत होते. ही मात्रा गरजेच्या केवळ ४ टक्के होती. आफ्रिकेतील युगांडासारख्या गरीब देशाने याच मोजणीत ११ टक्के गरज भागविली होती. जगाला अफू पुरविणाऱ्या देशातील रुग्ण वेदनेने तळमळत राहतो, तेव्हा दोष औषधाच्या टंचाईला देता येत नाही. तो व्यवस्थेत शोधावा लागतो.

'आता करण्यासारखे काही नाही'

तंजावर जिल्ह्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीची कल्पना करावी. गर्भाशयमुखाचा कर्करोग उशिरा कळला, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील चेन्नईला जाऊन उपचार झाले, पदरचे होते नव्हते ते संपले आणि रोग हाडांत पसरला. अखेरीस डॉक्टर नातलगांना बाजूला घेऊन सांगतात, 'घरी घेऊन जा, आता करण्यासारखे काही नाही.' भारतातील कर्करोग रुग्णालयांच्या आवारात हे वाक्य रोज शेकडो वेळा उच्चारले जात असेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक दगावले. रोग बळावलेल्या रुग्णांपैकी जवळपास दोन तृतीयांश रुग्णांना वेदना असतात, असे जगभरच्या पाहण्या सांगतात.

वैद्यकीय दृष्टीने पाहता ते वाक्य चुकीचे आहे. रोग बरा करण्यासारखे काही नसेल; वेदना दूर करण्यासारखे मात्र पुष्कळ असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्याची पद्धत घालून दिली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, त्याने न भागल्यास कोडीनसारखी औषधे आणि वेदना तीव्र असल्यास मॉर्फिन, अशा त्या तीन पायऱ्या होत. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि वेदना उसळण्याची वाट पाहू नये, ही त्यातील मुख्य सूत्रे. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेने पायऱ्यांचा आग्रह सैल केला आणि प्रत्येक रुग्णाच्या वेदनेनुसार औषध ठरविण्यावर भर दिला. घड्याळाचे सूत्र मात्र कायम आहे. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. ती चुकली की वेदना परत येते आणि आदल्या गोळीचे श्रेयही धुऊन जाते.

मॉर्फिनविषयीच्या समजुती औषधाहून अधिक पसरलेल्या आहेत. ते दिले म्हणजे अखेर जवळ आली, रुग्णाला व्यसन लागेल, श्वास थांबेल, अशी भीती नातलगांना वाटते आणि कित्येक डॉक्टरांनाही. थोड्या मात्रेपासून सुरुवात करून बेताबेताने ती वाढविल्यास मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली ते घेणाऱ्यांत व्यसनाचे प्रमाण अल्प असते, हा अनेक दशकांचा अनुभव आहे. त्याचा हमखास होणारा त्रास म्हणजे बद्धकोष्ठता. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनच रेचक द्यावे लागते. ज्या दवाखान्यात मॉर्फिनच्या चिठ्ठीवर रेचकाचे नाव नसते, तेथे ही विद्या अजून पोहोचलेली नाही असे खुशाल समजावे.

सगळ्याच वेदना मॉर्फिनने शमत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. येथे भाषेचा संबंध येतो. मराठीत ठणका, कळ, सणक, चमक, आग आणि मुंग्या हे शब्द वेगवेगळे आहेत आणि त्यांचे अर्थ डॉक्टरला उपयोगी पडणारे आहेत. हाडातला ठणका, पोटातली कळ आणि मज्जातंतू दबल्याने उठणारी चमक किंवा आग यांची औषधे एक नाहीत. मज्जातंतूच्या वेदनेला अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे लागतात, तर हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या ठणक्यावर किरणोपचाराची एकच बैठकही अनेकदा पुरेशी होते. मुंबईत, दिल्लीत किंवा चेन्नईत उपचार घेणाऱ्या परप्रांतीय रुग्णाची पंचाईत येथेच होते. परक्या भाषेत तो 'दुखते' एवढेच सांगू शकतो. ज्याला वेदना होते त्याचाच शब्द प्रमाण, हे वेदनाशास्त्राचे पहिले तत्त्व. तो शब्द ऐकणारा कोणी नसेल तर शास्त्रही लंगडे पडते.

कायद्याची दहशत

औषध माहीत होते, पद्धत ठरली होती आणि अफू देशातच पिकत होती. मग घोडे अडले कोठे? उत्तर १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. 'एनडीपीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. मादक द्रव्यांच्या तस्करीला जरब बसावी, हा त्याचा हेतू होता आणि त्यासाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद करण्यात आली. शिक्षेचे प्रमाण जवळच्या साठ्यानुसार ठरविण्याची सुधारणा २००१ मध्ये झाली. तोवर कागदपत्रांतील चूक आणि तस्करी यांच्यात फरक करायला कायदा फारसा तयार नव्हता. ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे हा कायदा उभा राहिला, त्या १९६१ च्या कराराच्या प्रस्तावनेतच वेदनाशमनासाठी ही द्रव्ये अपरिहार्य असल्याचे नमूद आहे. भारतीय कायद्याने करारातील बंधने उचलली. ही अर्धी बाजू मात्र तीन दशके कागदावरच राहिली.

मॉर्फिनचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे होता. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि परवाने अनेक. साठा बाळगण्याचा एक, परराज्यातून आणण्याचा दुसरा, वाहतुकीचा तिसरा. शिवाय ज्या राज्यात गोळी तयार होते त्या राज्याची निर्यात परवानगी. हे सारे परवाने एकाच वेळी वैध असतील तरच गोळ्यांची पेटी हलणार. एक कागद येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. रुग्णालयांनी मग व्यवहारी मार्ग पत्करला आणि मॉर्फिन ठेवणेच बंद केले. कायद्यानंतरच्या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये तो सगळा मिळून १८ किलोंवर आला. मॉर्फिन कधीही न हाताळलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या याच काळात पदवी घेऊन बाहेर पडल्या. कायद्यातील कलम एका दिवसात बदलता येते, पण अशा पिढ्यांना नव्याने शिकवायला वीस-पंचवीस वर्षे लागतात.

हा तिढा दिल्लीला ठाऊक नव्हता असे नाही. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सुचविले आणि नमुना नियमही धाडले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानेही मॉर्फिनच्या परवान्यांची प्रकरणे राज्यांनी त्वरेने निकाली काढावीत, असे बजावले. मात्र केंद्राची सूचना ही सूचनाच असते आणि बहुतेक राज्यांनी ती फायलीत ठेवली. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या २००९ च्या अहवालाने तर सरकारी मदतीवर चालणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रादेशिक कर्करोग केंद्रांतही वेदनाशमनाची सोय नसल्याचे दाखवून दिले.

गोंधळातले शहाणपण

या प्रश्नाची खरी गोम खात्यांच्या वाटणीत आहे. मॉर्फिन हे औषध असले तरी त्याचा कायदा आरोग्य मंत्रालयाच्या ताब्यात नाही. तो अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. अंमली पदार्थांच्या तस्करीविरोधी कारवाई गृह मंत्रालयाकडे, रुग्णालये राज्यांकडे आणि डॉक्टरांचे शिक्षण आणखी तिसऱ्याच यंत्रणेकडे. महसूल विभागाचे यश जप्त केलेल्या मालावरून मोजले जाते. शमलेल्या वेदनेचा रकाना त्याच्या वार्षिक अहवालात असण्याचे कारण नाही.

केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे याच विभागाचे उंबरठे झिजवीत होते. दुरुस्ती विधेयक २०११ मध्ये मांडले गेले आणि रेंगाळले. अखेर ते संमत झाले ते १५ व्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनात, फेब्रुवारी २०१४ मध्ये. तेलंगणाच्या प्रश्नावरून सभागृहात मिरपूड फवारली गेली ते हेच अधिवेशन. देशाचे लक्ष त्या गदारोळाकडे असताना २० फेब्रुवारीला लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने या दुरुस्तीवर मोहोर उमटविली. निवडणुका तोंडावर होत्या. विरोध करण्यात कोणाचा लाभ नव्हता आणि श्रेय घेण्यातही. बहुधा म्हणूनच ते घडले.

या दुरुस्तीने तीन गोष्टी केल्या. वैद्यकीय आणि शास्त्रीय वापरासाठी ही औषधे उपलब्ध करून देणे हेही सरकारचे काम असल्याचे कायद्यात आले. 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधे' असा नवा वर्ग निर्माण झाला. त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे आला. मे २०१५ च्या अधिसूचनेनुसार मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे या वर्गात आली. अनेक परवान्यांच्या जागी एकच मान्यता उरली आणि ती राज्याच्या औषध नियंत्रकाने द्यायची. तंजावरच्या रुग्णालयाला आता चार खात्यांच्या दारात जाण्याची गरज नाही. चेन्नईच्या एका कार्यालयाचा शिक्का पुरतो. मग प्रश्न सुटला का? तसे म्हणता येत नाही. कायद्याने दार उघडले, पण दारातून आत जाण्याची सक्ती कोणावरही केली नाही. मान्यता मागायची की नाही, हे प्रत्येक रुग्णालयाच्या मर्जीवर राहिले.

तीन राज्ये, तीन वाटा

या पार्श्वभूमीवर राज्यांची वाटचाल तपासण्याजोगी आहे. केरळने वाट काढली ती खालून. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी वेदनाशमनाची संस्था सुरू केली. पुढे मलप्पुरम आणि परिसरातील गावोगावच्या स्वयंसेवकांनी आपापल्या भागातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची जबाबदारी घेतली. २००८ मध्ये राज्य सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. या धोरणाचे मर्म असे, की घरोघरी जाणारी परिचारिका ही पंचायतीची जबाबदारी ठरली. परिचारिका आली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे गावकऱ्याला कळू लागले. पंचायत सदस्याला त्याच गल्लीत राहायचे असते आणि पुन्हा मत मागायचे असते.

तमिळनाडूची वाट वरून खाली येणारी. औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारून त्या राज्याने गेल्या शतकाच्या अखेरीस देशाला धडा घालून दिला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा ही योजना सुरू केली. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देण्याबरोबरच अंथरुणाला खिळलेल्यांना परिचारिका आणि भौतिकोपचार तज्ज्ञांची घरभेट, हा तिचा भाग होता. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिगटाचा पुरस्कारही तिला मिळाला. तंजावरच्या खेड्यात सरकारी परिचारिका रुग्णाच्या घरी पोहोचू शकते, हे या योजनेने सिद्ध केले आणि ही लहान गोष्ट नव्हे. मात्र परिचारिकेच्या पिशवीत काय असते, हा कळीचा मुद्दा आहे. जखम धुणे, नळी बदलणे, कूस बदलायला शिकविणे ही कामे ती करू शकते. मॉर्फिन लिहून देण्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि मान्यताप्राप्त संस्था लागते. घरभेट आणि गोळी या दोन साखळ्या जुळल्या तरच रात्र शांत जाते.

महाराष्ट्राची कथा निराळी आहे. १९४१ मध्ये उघडलेले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली असलेले टाटा स्मारक रुग्णालय मुंबईत आहे. देशातील पहिले मरणोन्मुख रुग्णांचे शुश्रूषागृह, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्यालाच सुरू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र १९९७ पासून निःशुल्क सेवा देत आले आहे. राज्य सरकारनेही २०१२ मध्ये धोरण जाहीर केले. मात्र संस्थांची ही श्रीमंती मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एकवटली. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीच्या रुग्णाला परळच्या फुटपाथवर मुक्काम करून उपचार मिळतात. तो गावी परतला की वेदनेशी त्याची एकट्याची झुंज सुरू होते. संस्था मोठ्या आणि पंचायत रिकामी, अशी ही अवस्था आहे. दिल्लीतही कॅनसपोर्टसारखी संस्था १९९० च्या दशकापासून घरोघरी ही सेवा देत आली. परंतु राजधानीत उपचार घेऊन विदर्भात किंवा मराठवाड्यात परतणाऱ्या कुटुंबाला निघताना एक प्रश्न विचारावाच लागतो: ही गोळी आमच्या जिल्ह्यात कोठे मिळेल? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज गाडी पकडू नये.

धास्ती खोटी नाही

मॉर्फिनवरील निर्बंधांचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद सरसकट झटकून टाकण्याजोगा नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकोडोनच्या एका गोळीचा आक्रमक प्रचार झाला. कर्करोग नसलेल्यांनाही साध्या पाठदुखीसाठी ती सर्रास दिली गेली आणि त्यातून व्यसन आणि मृत्यूंची जी लाट उठली, ती आता इतिहासजमा म्हणता येत नाही. लॅन्सेट आयोगाच्या मोजणीत अमेरिकेचा वापर गरजेच्या तीसपट होता. भारतातही पंजाबचे उदाहरण ताजे आहे. ट्रामाडॉल या तुलनेने सौम्य वेदनाशामकाचा तेथील गैरवापर वाढल्याने २०१८ मध्ये केंद्राला ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले.

तथापि, अमेरिकेत घडले ते बाजाराला मोकळे रान दिल्यामुळे. केरळमध्ये त्याच काळात मॉर्फिनचा वापर वाढला, पण तेथे अशी लाट उठली नाही. कारण गोळी नोंदवहीतून, प्रशिक्षित डॉक्टरच्या हातून आणि ओळखीच्या परिचारिकेच्या नजरेखाली गेली. निर्बंध हवेत, पण ते दुकानदारीवर. तीसपट वापर आणि ४ टक्के वापर यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे आणि शहाण्या प्रशासनाने उभे राहायचे ते तेथे.

सरफोजींची छत्रे

तंजावरला या विषयाचा एक जुना दाखला सापडतो. १७९९ च्या तहाने दुसरे सरफोजीराजे यांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. कारभार कंपनी सरकारकडे गेला. तेव्हा या राजाने आपली शक्ती विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वश्रुत आहे; धन्वंतरी महालाची कीर्ती त्यामानाने कमी पसरली. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास होत असे, औषधे तयार होत आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. तो काळ भूल देण्याच्या विद्येपूर्वीचा. ईथरचा जाहीर प्रयोग झाला १८४६ मध्ये, म्हणजे सरफोजींच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी. अफूतून मॉर्फिन वेगळे काढणारा जर्मन औषधविक्रेता सर्ट्यूर्नर मात्र त्यांचाच समकालीन. आणि त्याच दशकांत माळव्यात शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी अफू आपल्या मक्तेदारीला धक्का देते म्हणून कंपनी सरकार तिची कोंडी करू पाहत होते. अफूकडे महसुलाच्या नजरेने पाहण्याची दिल्लीची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

धन्वंतरी महालापेक्षाही महत्त्वाचा दाखला छत्रांचा आहे. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजांनी उभारलेली ही छत्रे कंपनीच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्यात छत्रांच्या कामाची जंत्री आहे. वाटसरूंना अन्न द्यायचे, अनाथ मुलांना सांभाळून शिकवायचे, छत्रांत वैद्य नेमायचे. जो वाटसरू आजारी पडेल त्याला औषध आणि पथ्याचे अन्न द्यायचे आणि तो बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा करायची. आणि जो दगावेल त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातिधर्माच्या रीतीने करायचे. सत्ता गेलेला राजा नव्या सत्ताधीशांना जे सांगत होता, त्याचा आशय इतकाच, की कर तुम्ही गोळा करा, पण हे काम थांबता कामा नये. छत्रांचे वैद्यक आजच्या मानाने तोकडे होते, हे उघड आहे. परंतु आजारी वाटसरूची जबाबदारी कोणाची, याविषयी तेथे संभ्रम नव्हता. ज्या छत्रात तो पडला त्या छत्राची.

दोन शतकांनंतर तंजावरला १९५९ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राजा आणि मिरासदार अशा दोघांची आठवण नावातच जपणारे जुने सरकारी रुग्णालयही आहे. वैद्यकाने मोठी मजल मारली आहे. हरवली ती छत्राची नेमकी जबाबदारी. कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालय रुग्णाला गावी धाडते, गावचे आरोग्य केंद्र त्याला जिल्ह्याकडे पाठविते आणि जिल्हा पुन्हा मोठ्या शहराकडे बोट दाखवितो.

मतपेढी नसलेला प्रश्न

याचे कारण राजकीय आहे आणि ते कटू आहे. कर्करोगाचे नवे रुग्णालय बांधता येते, त्याची कोनशिला बसविता येते, उद्घाटनाला केंद्रीय मंत्री येतात. वेदनाशमनाला इमारत लागत नाही. एक प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका, एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही पुरते. या सेवेचा लाभार्थी पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुधा हयात नसतो. त्याचे कुटुंब दुःखात असते आणि त्या रात्री आठवू इच्छित नाही. त्याचा मोर्चा निघत नाही, त्याची संघटना नसते. ज्या प्रश्नाला मतपेढी नाही तो प्रश्न लोकशाहीत कोणी मांडायचा, असा हा पेच आहे. तेथे नोकरशाहीची कसोटी लागते, कारण मतांचा हिशेब न करता काम करण्याची मुभा राज्यघटनेने ज्यांना दिली ते अधिकारीच असतात.

घटनेचा आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. निरर्थक उपचार नाकारण्याची मुभा त्यातून मिळाली. पण ज्याची वेदना शमलेली नाही त्याने केलेली निवड खऱ्या अर्थाने मोकळी असते का, हा प्रश्न त्या निकालाच्या पोटातच दडलेला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परिहार सेवेचा उल्लेख आहे, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही ती आहे आणि २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वेदनाशमनाला जागा मिळाली आहे. कागदाची बाजू आता बऱ्यापैकी भक्कम म्हणावी लागेल.

उरते ती जबाबदारी निश्चित करण्याची बाब, आणि त्यासाठी संसदेकडे पुन्हा जाण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने मॉर्फिनची मान्यता घेणे राज्य सरकारांना एका आदेशाने बंधनकारक करता येईल. कर्करोग रुग्णालयाने रुग्णाला घरी धाडताना त्याच्या जिल्ह्यातील मान्यताप्राप्त केंद्राचे नाव कागदावर लिहून द्यावे, असा नियम करता येईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात लसीकरण आणि प्रसूती यांच्या शेजारी आणखी एक रकाना घालता येईल: या महिन्यात जिल्ह्यातील किती रुग्णांना मॉर्फिन मिळाले आणि साठा किती दिवस रिकामा होता. जे मोजले जाते त्याचा जाब विचारला जातो, हे प्रशासनातील कोणालाही सांगण्याची गरज नाही. महसूल विभाग अफूचा ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवतोच. त्या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण असतो, एवढीच भर त्यात घालावयाची आहे.

तंजावरच्या त्या शेतमजूर स्त्रीला हे सारे ठाऊक असण्याचे कारण नाही. पुढची गोळी रात्री दोन वाजता घरात असेल की नाही, एवढाच तिचा प्रश्न आहे. ग्वाल्हेरच्या परवान्यापासून तंजावरच्या उशापर्यंतच्या वाटेवर त्याचे उत्तर देण्यास बांधील असा एकही अधिकारी आज नेमलेला नाही. तो नेमणे हे राज्याराज्यांच्या आरोग्य सचिवांच्या हाती आहे.